चाल कुणाकडून घेतली

गार्लंड स्टेमीचा ट्रक फाटकाशी थांबला तेव्हा अर्झुला पेटीफर्ड पडवीत भेंड्या चिरत बसली होती. ट्रक ओळखला आणि तिच्या हातातली सुरी थबकली. गेल्या पन्नास वर्षांत स्टेमींच्या घरातला एकही माणूस या फाटकातून आत आला नव्हता, आणि त्यावाचून पेटीफर्डांचं काही अडलंही नव्हतं.

"काय गं अर्झुला, अंकल एल्झी आहे का घरात?" त्याने खिडकीतूनच विचारलं.

"माझ्या वडिलांना ना भाऊ ना बहीण. त्यांना पुतण्या कुठून आला?"

स्टेमी हसला, पण ते हसू नुसतं दातांपुरतंच होतं. तसं त्याचं काही चुकलं, असं त्या गावात कुणी म्हटलं नसतं. नॉर्थ कॅरोलिनाच्या त्या तंबाखूच्या मुलखात गोरा माणूस काळ्या म्हाताऱ्याला कधी मिस्टर म्हणत नसे. अंकल म्हणे. आणि बाईला आंटी. त्यात मायेचा भाग नव्हता. मिस्टर म्हणायला लागू नये म्हणून काढलेली ती पळवाट होती. कायदे बदलून दहा वर्षं होत आली होती, हॉटेलांच्या दारांवरच्या 'फक्त गोऱ्यांसाठी'च्या पाट्या निघाल्या होत्या, पण ही खोड काही गेली नव्हती. आणि अठ्ठावन्न वर्षांच्या अर्झुलाला तर ते 'अंकल' ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाई.

"हे बघ, मी भांडायला नाही आलो," स्टेमी खाली उतरत म्हणाला. "मला कळलंय, त्याच्याकडे चढ आहे."

अर्झुलाने सुरी ताटात आपटली. तर हे होतं.

चढ म्हणजे एका चालीचा तिसरा भाग. चाल बॅन्जोची. अर्झुलाच्या घरात तिला 'ओसरलेलं पाणी' म्हणत. स्टेमींच्या घरात तिला 'स्टेमींची चाल' म्हणत, आणि गार्लंड स्टेमी तीच वाजवून गेली अकरा वर्षं तालुक्याच्या बॅन्जोच्या स्पर्धेत पहिला येत होता. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर अकराच्या अकरा निळ्या फिती टांगलेल्या होत्या. अर्झुला कोंबड्यांचं खाद्य आणायला त्याच दुकानात जाई, फितींकडे बघे आणि दातओठ खात परत येई. कारण चाल तिच्या आजोबांची होती. न्यूटन पेटीफर्डांची.

न्यूटन आणि स्टेमीचा आजोबा लेफ हे एकाच मळ्यावर भट्टीत तंबाखू सुकवायला होते. भट्टीपाशी दिवस दिवस बसावं लागे. न्यूटन वाजवत, लेफ बघे. बघता बघता त्याने दोन भाग उचलले. तिसऱ्याच्या वेळी न्यूटननी त्याच्याकडे पाठ फिरवली, आणि वाजवून झाल्यावर पाचही खुंट्या सैल करून टाकल्या. जुने वाजवणारे तसं करतच. त्या वाद्यात प्रत्येक चालीला तारा वेगळ्या लावाव्या लागतात. तारा कशा लावल्यात ते दिसलं नाही, तर ऐकणारा नुसता कान टवकारून बसतो, हाती काही लागत नाही. लेफच्या हाती लागलं नाही. त्याच्या मुलाच्याही लागलं नाही. आणि आता नातू फाटकात उभा होता.

"या आत," घरातून एल्झीचा आवाज आला. "येऊ दे त्यांना, अर्झुला."

"पापा!"

"येऊ दे म्हटलं ना."

एल्झी पेटीफर्ड त्र्याऐंशी वर्षांचे होते. वसंतात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय हळूहळू परत आला, हात काही आला नाही. डावा हात मांडीवर तसाच पडून असे, आणि दांडीवर बोटं दाबायला तोच तर लागतो. बॅन्जो भिंतीवर होता. भोपळा पोखरून केलेला, वर बोकडाचं कातडं ताणलेला, पडद्यांशिवायच्या गुळगुळीत दांडीचा, एल्झींच्या आजोबांनी गुलामीत असताना केलेला. स्टेमीने आत पाऊल ठेवलं ते थेट त्याच्याकडेच. बसा म्हणण्याआधी बसलाही.

"अंकल एल्झी, तुझा हात गेला असं कळलं. वाईट झालं," स्टेमी म्हणाला. "चढ तुझ्याबरोबर जाऊ नये असं वाटतं. असली गोष्ट मातीत जाणं म्हणजे पाप आहे."

"तुम्हाला पाहिजे, असं म्हणा की, मिस्टर गार्लंड."

"पाहिजे तर आहेच."

"मग देतो," एल्झी म्हणाले. दारात उभ्या अर्झुलाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकंही गेलं की काय. "पण एक अट. सप्टेंबरच्या स्पर्धेत तुम्ही वर चढलात की पुकारणारा विचारतो ना, चाल कुणाकडून घेतली?"

"विचारतो. सगळ्यांनाच विचारतो."

"तुम्ही दर वर्षी म्हणता, आजोबांकडून. यंदा म्हणायचं, मिस्टर न्यूटन पेटीफर्ड यांच्याकडून. पुढे काही नको, मागे काही नको. भोंग्यात म्हणायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

स्टेमीने टोपी काढली, परत घातली. "अंकल न्यूटचं नाव घ्यायला माझी ना नाही. सगळे त्याला अंकल न्यूटच म्हणत."

"तुमचे सगळे."

"मिस्टर म्हटलं तर लोकांना कळायचंसुद्धा नाही मी कुणाबद्दल बोलतोय!"

"मग कळेल की त्या दिवशी," एल्झी शांतपणे म्हणाले. "माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षं जगले. त्यांच्या कानावर तो शब्द एकदाही पडला नाही. माझ्या पडावा. तुमच्या तोंडून. दुसरं काही मागत नाही मी."

स्टेमीने परत एकदा त्या भोपळ्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "बरं."

"बरं नको. म्हणून दाखवा."

"आत्ता?"

"तालीम केलेली बरी असते. तुम्हाला सांगायला नको, तुम्ही वाजवणारे."

स्टेमीने घसा खाकरला. "मिस्टर अंकल न्यूट..."

अर्झुलाला हसू फुटलं, आणि ते गोड हसू नव्हतं. स्टेमी कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्यांदा म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला, तिसऱ्यांदा जमलं. मग तरातरा बाहेर पडला आणि ट्रक असा काही काढला की फाटकाजवळच्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या.

"बोलायचा नाही तो," अर्झुला म्हणाली. "चढ घेईल आणि तोंड फिरवेल. लिहून ठेवा."

"कदाचित."

"मग देता कशाला?"

"तो मागायला आला म्हणून. दुसरं कोण आलं?" एल्झी म्हणाले, आणि अर्झुला जास्तच चिडली.

रविवारी चर्चहून तिचा भाऊ थर्लो जेवायला आला. थर्लो चर्चमध्ये डीकन, पाद्र्याच्या हाताखालचा कारभारी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस. कोलार्डची भाजी आणि मक्याचा पाव ताटात पडेपर्यंत त्याने दम धरला. मग सुरू झाला.

"गावभर झालंय, पापा. म्हणे स्टेमी तुमच्याकडे शिकवणीला येतो."

"येतो. शनिवारी."

"ते वाद्य जाळून टाका म्हणून मी वीस वर्षं सांगतोय! तोंडाला काजळी फासून, ओठ लाल रंगवून गोरे लोक तंबूत नाचायचे, आपली टिंगल करायचे, त्यांच्या हातात काय असायचं? हेच. आपल्या माणसांनी खाली ठेवलं ते उगीच नाही ठेवलं. आणि तुम्ही ते परत त्यांच्याच हातात देताय?"

"खाली ठेवलं, ते बरोबर. पण आपलं होतं म्हणून तर खाली ठेवायची वेळ आली ना?"

"आपलं? स्पर्धेचं पत्रक वाचलंत का?" थर्लोने कोटाच्या खिशातून घडी काढली आणि खणखणीत आवाजात, चर्चमध्ये वाचावं तसं वाचलं, "'आपल्या स्कॉटिश आणि आयरिश वाडवडिलांनी या डोंगरात आणलेलं मानाचं वाद्य.' घ्या! तुम्ही कुठे आहात यात? नाहीतच तुम्ही."

"बघू," म्हणून अर्झुलाने कागद हिसकावून घेतला. खरंच तसं छापलं होतं. बाजूला चौकटीत गार्लंड स्टेमीचा फोटो होता, फितीसकट.

"आणलं असेल वाडवडिलांनी," ती म्हणाली. "आपल्या आजोबांच्या हातातून काढून स्वतःच्या हातात आणलं असेल. तितकं अंतर चालले असतील ते."

एल्झी हसले, मग चमचा खाली ठेवला. "माझे आजोबा सांगायचे. त्यांच्या आजोबांना गुलाम करून समुद्रापलीकडून बोटीतून आणलं तेव्हा अंगावर चिंधीसुद्धा नव्हती. भांडं नाही, कापड नाही, नावसुद्धा काढून घेतलं. इथे आल्यावर ढोल वाजवायला बंदी, कारण ढोलावरून एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात निरोप जाईल. मग त्यांनी काय केलं? भोपळा पिकवला. बोकड मारला तेव्हा कातडं मागून घेतलं. काठीला तारा बांधल्या, त्यातली एक आखूड, अंगठ्यासाठी. तिकडे नदीकाठी त्यांच्या बापाचं होतं अगदी तसं. कुणी दाखवायला नव्हतं. बोटीत तपासलं असतं तरी सापडलं नसतं, कारण ते हातात होतं." त्यांनी उजवा हात वर केला, नखाने हवेत खाली फटका मारला आणि अंगठा उचलला. "हे बघ. असं आलं ते. स्कॉटलंडहून नाही आलं."

"मग मला एक सांगा," थर्लोचा आवाज चढला, "एवढं मोलाचं आहे तर स्टेमीला कशाला?"

"तू घेतोस?"

थर्लो मक्याचा पाव कुस्करत बसला.

"तू?" एल्झींनी अर्झुलाकडे पाहिलं.

अर्झुलाने ताटं गोळा करायला घेतली. चौदा वर्षांची असताना शाळेतून येऊन तीच म्हणाली होती की बाहेर पडवीत वाजवू नका, पोरी हसतात. तेव्हापासून एल्झी आत, खिडकी लावून वाजवत. हे घरात कुणी कधी काढत नसे. तिने ताटं इतक्या जोरात घासली की एकाची कड फुटली.

शनिवारी स्टेमी येऊ लागला. स्वतःचा बॅन्जो घेऊन, चकचकीत, चांदीच्या कड्यांचा. एल्झी खुर्चीत, तो समोर. हात चालत नव्हता म्हणून एल्झी तोंडाने म्हणून दाखवत: डम-डिडी, डम-डिडी, इथे अंगठा, आता बोट सरकवा, दाबू नका, सरकवा. अर्झुला स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवी. स्टेमीला पाणीसुद्धा विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ऑगस्टच्या उकाड्यात तो घामाने निथळे, आणि ती फ्रीजमधून गोड चहा काढून त्याच्यासमोरून वडिलांना नेऊन देई.

"अंकल, तुझी पोरगी मला विष घालेल एक दिवस," तो म्हणे.

"विष विकत मिळतं तुमच्याच दुकानात," ती आतून म्हणे. "तुम्हाला जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत मला, म्हणून अजून जिवंत आहात."

पण वाजवायचा चांगला, तेवढं मेल्याला नाकारता येत नव्हतं. कान तयार होता, हात हलका होता. फक्त चढात एके ठिकाणी अडखळे. तीन शनिवार तिथेच ठेचकाळला. एल्झी म्हणून दाखवत, तो ऐके, वाजवी, आणि परत तिथेच. चौथ्या शनिवारी तेच झालं आणि भांडी विसळणाऱ्या अर्झुलाच्या तोंडून निघून गेलं:

"अहो, करंगळी! करंगळी घसरवत न्यायची, तिसरं बोट जागेवरून हलवायचंच नाही!"

बाहेर तारेवर करंगळी घसरल्याचा आवाज आला. मग स्टेमीने वाजवलं. बरोबर आलं. पाणी ओसरून गेल्यावर दगड उघडे पडतात, तसे एकेक सूर मोकळे झाले. अर्झुला ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. तिला रडू आलं, आणि स्टेमीच्या हातून आलं म्हणून स्वतःचा संतापही आला.

तो गेल्यावर एल्झी दारात आले. "तुला येतं."

"नाही येत. बंद खिडकीतून ऐकू यायचं, एवढंच."

"चव्वेचाळीस वर्षं?"

"भेंडी करपतेय," ती म्हणाली. गॅसवर काहीही नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, शाळेच्या मैदानावर स्पर्धा भरली. मांडवापेक्षा जास्त वाजवणं तिथे गाड्यांच्या रांगांमध्ये चालतं. दोन गाड्यांच्या मधे कुणी फिडल काढतो, कुणी बॅन्जो, येणारेजाणारे कोंडाळं करतात, आणि चाल संपली की पहिला प्रश्न तोच: कुणाकडून घेतली? नाव सांगावंच लागतं. सांगितलं नाही तर त्या माणसाला चोर म्हणतात. काळी माणसं दहाबारा असतील. एल्झींनी भोपळ्याचा बॅन्जो गाडीतून आणायला लावला होता. "वाजवायचा नाही, पण येऊ दे," म्हणाले. तो गाडीतच ठेवून अर्झुलाने त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं. शेजारची गोरी बाई उठून चार खुर्च्या पलीकडे गेली. एल्झींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

गार्लंड स्टेमी वर चढला तेव्हा शिट्ट्या पडल्या. त्याने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"आपला नेहमीचा पठ्ठ्या!" पुकारणारा भोंग्यातून ओरडला. "काय वाजवणार, गार्लंड? आणि कुणाकडून घेतली?"

एल्झी पुढे झुकले.

"आमच्या घरची चाल," स्टेमी म्हणाला. "आजोबांकडून. यंदा तिला एक जादा तुकडा आहे बरं का, तो..." तो थांबला. समोर त्याची गिऱ्हाइकं होती, त्याचे चुलते होते, चर्चमधली माणसं होती. "तो आजोबा कामाला होते त्या मळ्यावर एक म्हातारा होता, अंकल न्यूट, त्याच्याकडचा."

लोक हसले. वाईट हसले नाहीत; गोड हसले, लहानपणीचं कुत्रं आठवावं तसे. अर्झुला ताडकन उठली.

"मिस्टर!" ती ओरडली. "मिस्टर न्यूटन पेटीफर्ड! म्हणा!"

सगळ्या माना वळल्या. पुकारणारा भोंग्यात म्हणाला, "आंटी, बसून घ्या, कार्यक्रम चालू आहे." कुणीतरी मागून तिला गाढवीण म्हणालं. स्टेमीने मान खाली घातली आणि वाजवायला सुरुवात केली.

आणि काय वाजवलं म्हणून सांगू! चढ आला तसे लोक खुर्च्यांवरून उठले. एल्झी मात्र डोळे मिटून बसले होते, आणि त्यांचा उजवा अंगठा गुडघ्यावर एकेक ठोका देत होता. चाल संपली. टाळ्या थांबेनात. एल्झी म्हणाले, "चल."

गाडीपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. अर्झुलाने मागचं दार उघडून त्यांना कडेला बसवलं तोवर मागून पावलं आली. स्टेमी. छातीवर निळी फीत; तो शेवटचाच वाजवणारा होता, निकाल लगेच लागला होता.

"एल्झी, हे बघ, मी म्हणणारच होतो," तो म्हणाला. "देवाशपथ. जीभच वळली नाही."

"आता म्हणा," एल्झी म्हणाले. "इथे कुणी नाही."

स्टेमीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात, एका दमात म्हणाला, "मिस्टर न्यूटन पेटीफर्ड."

"वळली की!" अर्झुला कडाडली. "सरळ वळली! मग जिभेच्या नावाने कशाला गळा काढता? भित्रे आहात, भित्रे म्हणा. चोर आणि वर भित्रे!"

"तोंड सांभाळ, अर्झुला. मला गावात दुकान चालवायचंय."

"अर्झुला," एल्झी मधेच म्हणाले, "बॅन्जो काढ."

"पापा, घरी चला. पुरे झालं."

"काढ म्हणतो ना. आणि बस इथे, माझ्या डाव्या हाताला."

तिने भोपळा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. ते सांगत गेले तशा तिने खुंट्या पिळल्या. मग दांडी तिच्या हातात आली. काय मागताहेत ते तिला कळलं. "मला नाही जमायचं," ती म्हणाली. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि नखाने पहिला फटका मारला.

उजवा हात बापाचा, डावा लेकीचा. सुरुवातीला तारा नुसत्या खरखरल्या. दोन गाड्यांपलीकडच्या टोळक्याने वळून पाहिलं, कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग तिची बोटं जागेवर पडू लागली. कातड्याचा तो जाड, घोगरा आवाज चांदीच्या कड्यांच्या बॅन्जोतून कधी निघायचा नाही. माणसं जवळ येऊ लागली. पाच झाली, दहा झाली, बघता बघता तीसचाळीस झाली. स्टेमी निघायला वळला होता, पण चढ सुरू झाला आणि त्याचे पाय तिथेच राहिले. त्याने शिकलेला चढ हाच होता, पण त्याच्याकडे नव्हतं असंही काहीतरी यात होतं, आणि ते त्याच्या कानाला कळत होतं. तो ऐकत राहिला तोवर कोंडाळं त्याच्यामागे मिटलं.

चाल थांबली. पुढे उभा असलेला होलिस क्रेन, तंबाखूवाला, स्टेमीचं मोठं गिऱ्हाईक, पोटावर हात ठेवून म्हणाला, "काय रे म्हाताऱ्या, ही तर गार्लंडची चाल! तू कुणाकडून घेतलीस?"

एल्झींनी हनुवटीने दाखवलं. "मिस्टर गार्लंडना विचारा. त्यांना नाव ठाऊक आहे."

चाळीस माणसं स्टेमीकडे वळली. आता पळायला जागा नव्हती. नाव सांगितलं नाही तर चोर, आणि हे सगळे वाजवणारे, सगळ्यांनी आत्ताच कानाने ऐकलेलं. त्याने एल्झींकडे असं पाहिलं की हातात काठी असती तर मारली असती.

"मिस्टर न्यूटन पेटीफर्ड," तो म्हणाला.

"कोण?" होलिसने डोळे बारीक केले. "तो अंकल न्यूट? त्याला मिस्टर कधीपासून म्हणायला लागलास रे?" मागून खिदळणं सुरू झालं.

"आत्तापासून!" स्टेमी त्याच्यावर खेकसला. "माझ्या आजोबांनी त्यांच्याकडून उचलली, आणि राहिलेली मला यांनी शिकवली. मिस्टर न्यूटन पेटीफर्ड. कान फुटलेत का तुझे, होलिस?"

खिदळणं थांबलं. होलिस क्रेनने गार्लंडला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बाजूला थुंकला आणि म्हणाला, "यंदा बियाणं मी दुसरीकडून घेईन म्हणतो." तो गेला. त्याच्यामागे आणखी सातआठ जण गेले. उरलेल्यांतलं कुणी स्टेमीच्या नजरेला नजर देईना.

स्टेमी गाडीजवळ आला. "झालं समाधान? माझं दुकान बसवलंस, म्हाताऱ्या. झालं का तुझं समाधान?"

एल्झींचे डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता. "माझं समाधान तुला देता यायचंच नाही, गार्लंड," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एका स्टेमीला नुसत्या नावाने हाक मारली होती. "नाव तेवढं देता येत होतं. ते मांडवात द्यायचं होतंस, इथे दिलंस. जा आता."

स्टेमी उभा राहिला. मग फीत सावरत गर्दीतून निघून गेला, आणि त्याला वाट करून द्यायला कुणी बाजूला झालं नाही.

अर्झुलाच्या बोटांची टोकं सोलवटली होती आणि ती रडत होती. एल्झींनी उजवा हात परत तारांवर ठेवला. "चढात करंगळी उशिरा घसरतेय तुझी," ते म्हणाले. "परत घे."